वाळलेल्या पानांचं टपाल

१८३० साली एकोणीस-वीस वर्षांचा एक मेडिकलचा विद्यार्थी न्यूयॉर्क शहरात एका डॉक्टरांचं घर शोधत गेला. त्याच्याजवळ आपल्या प्राध्यापकांची ओळखचिठ्ठी होती आणि काखेत कागदांचं एक गाठोडं. गाठोड्यात औषधं नव्हती, पुस्तकंही नव्हती. गावाकडच्या रानातून गोळा करून, दाबून वाळवलेली झाडं होती. ज्यांची नावं त्याला पुस्तकातून लावता आली नव्हती, अशी. डॉक्टर गावात नव्हते. मुलाने गाठोडं तिथेच ठेवलं आणि तो परत गेला.

ते डॉक्टर म्हणजे जॉन टॉरी. पेशाने वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे, आणि मनाने पक्के वनस्पतिशास्त्रज्ञ. परतल्यावर त्यांनी गाठोडं सोडलं, एकेक झाड पाहिलं, नावं लिहिली आणि त्या अनोळखी मुलाला पत्र पाठवलं. शिवाय आणखी नमुने मागवले. त्या पत्रापासून जो व्यवहार सुरू झाला, तो पुढची सत्तावन्न वर्षं थांबला नाही. मुलाचं नाव होतं एसा ग्रे. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेचे सर्वांत मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आज ते ओळखले जातात. डॉक्टरकीची पदवी घेऊन ज्यांनी डॉक्टरकी जवळजवळ केलीच नाही, अशांपैकी ते एक.

ग्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८१० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या सॉकॉइट या खेड्यात झाला. आठ भावंडांत ते थोरले. वडिलांचा कातडी कमावण्याचा धंदा होता. मुलगा वाचनात रमतो हे पाहून त्याला शिकायला बाहेर पाठवलं गेलं आणि १८२६ साली तो फेअरफील्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला. त्या काळचं अमेरिकेतलं वैद्यकीय शिक्षण आजच्या मानाने फारच आटोपशीर होतं. वर्षातले काही महिने व्याख्यानं ऐकायची, उरलेला वेळ एखाद्या गावठाणातल्या डॉक्टरांच्या हाताखाली काढायचा. ग्रे यांनी ब्रिजवॉटर गावच्या डॉक्टरांकडे ही उमेदवारी केली. रुग्णाचं रक्त काढणं आणि पाऱ्याचं कॅलोमेल देऊन त्याचं पोट साफ करणं हे तेव्हाचे हुकमी उपचार होते. बाकीची बहुतेक औषधं झाडपाल्याची. त्यामुळे डॉक्टरला झाडं ओळखता येणं हा छंद नव्हता, कामाचाच भाग होता. मुळी चुकली तर रुग्ण दगावायचा.

१८२७-२८च्या हिवाळ्यात एका ज्ञानकोशातला वनस्पतिशास्त्रावरचा लेख ग्रे यांच्या वाचनात आला. तो वाचून त्यांनी झाडं ओळखण्याचं एक पुस्तक विकत घेतलं आणि बर्फ वितळण्याची वाट पाहू लागले. वसंतात रानात पहिलं फूल दिसताच ते तोडून आणलं, पुस्तकातल्या खुणा एकेक करून ताडून पाहिल्या आणि नाव सापडलं : क्लेटोनिया व्हर्जिनिका. लहानसं, पांढऱ्या-गुलाबी पाकळ्यांचं, चार दिवसांचं फूल. पण अनोळखी झाडाला पायरीपायरीने जाऊन नावापर्यंत पोहोचण्याचा जो आनंद आहे, तो त्यांना तिथे लागला. रोगनिदानाची रीतही हीच असते, हे कुठल्याही डॉक्टरला वेगळं सांगायला नको.

१८३१च्या सुरुवातीला, वयाची एकवीस वर्षं पुरी होण्याआधीच, त्यांना एम.डी. पदवी मिळाली. काही काळ त्यांनी रुग्ण पाहिले, पण मन रमलं नाही. लवकरच ते युटिका शहरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागले आणि सुट्टीत झाडं गोळा करत हिंडू लागले. घरच्यांच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचा नव्हता. अमेरिकेत तेव्हा वनस्पतिशास्त्रावर पोट भरणारी माणसं जवळजवळ नव्हतीच. टॉरीसुद्धा रसायनशास्त्राच्या पगारावर जगत होते.

आता हा वाळक्या झाडांचा व्यवहार नेमका काय होता, ते पाहायला हवं. पद्धत साधी आहे आणि गेल्या तीनेकशे वर्षांत फारशी बदललेली नाही. फूल, पान, जमलं तर फळ आणि मूळ असलेली फांदी किंवा अख्खं रोप घ्यायचं. ते टिपकागदांच्या घडीत पसरायचं, वर-खाली फळ्या ठेवून घट्ट आवळायचं. कागद ओले झाले की बदलायचे, रोजच्या रोज. पावसाळी हवेत हे काम जिकिरीचं. एक दिवस आळस केला की बुरशी धरते आणि सगळी मेहनत वाया जाते. झाड पूर्ण वाळलं की जाड कागदावर चिकटवायचं आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावायची : कुठे सापडलं, कधी, कुणाला, कशा जमिनीत. ही चिठ्ठी झाडाइतकीच मोलाची. चिठ्ठी नसलेलं झाड म्हणजे केसपेपर नसलेला बेशुद्ध रुग्ण.

एकाच ठिकाणचं एकच झाड मुबलक असेल तर हुशार संग्राहक एकाऐवजी पाच, दहा, वीस नमुने वाळवतो. एक स्वतःकडे ठेवायचा, बाकीचे इतरांना पाठवायचे आणि त्यांच्याकडून त्यांच्या मुलखातले मागवायचे. अशा देवघेवीत न्यूयॉर्कच्या कपाटात रशियातलं गवत येऊन पडतं आणि केंटकीतलं फूल जिनिव्हात पोहोचतं. वाळलेलं झाड वजनाला हलकं, नासत नाही, समुद्रप्रवास सोसतं. जिवंत रोपं जहाजावरच्या खाऱ्या वाऱ्याने आणि पाण्याच्या टंचाईने मरत, तेव्हा या कागदांनीच जगातल्या वनस्पती एकमेकींशेजारी आणून ठेवल्या. चित्र किंवा वर्णन कितीही चांगलं असलं, तरी ते लिहिणाऱ्याला जे दिसलं तेवढंच सांगतं. नमुना मात्र पुन्हा तपासता येतो. त्यातलं वाळकं फूल गरम पाण्यात भिजवलं की मऊ होतं आणि सुईने सोडवून त्याचे पुंकेसर मोजता येतात, शंभर वर्षांनीसुद्धा.

एक धोका मात्र होता. वाळकी झाडं किड्यांना फार आवडतात. म्हणून त्या काळी नमुन्यांवर मर्क्युरिक क्लोराइडचं, म्हणजे पाऱ्याच्या जहाल विषाचं, द्रावण लावत. किडे मरत, पण ती कपाटं आयुष्यभर उघडणाऱ्या माणसांच्या नाकातोंडात काय जात असेल, याचा विचार तेव्हा कुणी केला नाही. जगातल्या अनेक जुन्या संग्रहांमध्ये आजही हवेत पाऱ्याचा अंश सापडतो आणि तिथे काम करणाऱ्यांना काळजी घ्यावी लागते.

१८३३ साली टॉरींनी ग्रे यांना मदतनीस म्हणून न्यूयॉर्कला बोलावलं. पगार जेमतेम, तोही पुढे देणं जमेना. पण टॉरींचा संग्रह होता, ग्रंथ होते आणि जगभर पसरलेला पत्रव्यवहार होता. ग्रे यांनी १८३४-३५मध्ये गवतं आणि त्यांच्या भाईबंदांवर दोन खंडांचं एक विलक्षण प्रकाशन काढलं. त्यात छापील चित्रं नव्हती. प्रत्येक खंडात शंभर प्रत्यक्ष वाळलेल्या गवतांचे नमुने होते, नावासकट. म्हणजे प्रत्येक प्रतीसाठी ती शंभर गवतं पुन्हा गोळा करायची, वाळवायची, चिकटवायची. असलं काम केलेल्या माणसाला गवत पुन्हा ‘नुसतं गवत’ दिसत नाही.

दोघांनी मिळून उत्तर अमेरिकेच्या वनस्पतींचा सविस्तर ग्रंथ लिहायला घेतला आणि एका विचित्र अडचणीशी गाठ पडली. अमेरिकेतल्या झाडांना पहिली नावं दिली होती युरोपीय लोकांनी आणि ज्या नमुन्यांवरून ती दिली ते सगळे होते लंडन, पॅरिस, बर्लिनच्या कपाटांत. आपल्या दारातलं झाड नक्की कोणतं, हे ठरवायला अमेरिकन माणसाला अटलांटिक ओलांडावा लागत होता. भारतातल्या कितीतरी वनस्पतींच्या मूळ नमुन्यांचंही असंच आहे, ते लंडनजवळच्या क्यू उद्यानात आहेत.

संधी १८३८मध्ये आली. नव्याने निघणाऱ्या मिशिगन विद्यापीठाने ग्रे यांना प्राध्यापक नेमलं आणि ग्रंथालयासाठी पुस्तकं घ्यायला युरोपला पाठवलं. पुस्तकं त्यांनी घेतली, पण वर्षभर ते खरे फिरले ते एका संग्रहाकडून दुसऱ्या संग्रहाकडे. ग्लासगोला विल्यम हूकर यांच्याकडे मुक्काम झाला. त्यांचा मुलगा जोसेफ तेव्हा वैद्यकीय शिक्षण घेत होता. तो पुढे हिमालयात सिक्कीमपर्यंत हिंडला, क्यूचा प्रमुख झाला, भारताच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ त्याने सिद्ध केला. त्या भेटीत जुळलेली मैत्री शेवटपर्यंत टिकली. मिशिगनला शिकवण्याची वेळ मात्र कधी आलीच नाही. त्या विद्यापीठाची पैशाची तंगी आडवी आली आणि १८४२ साली ग्रे हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले.

पॅरिसमध्ये १८३९ साली त्यांच्या हाताला एक कागद लागला. आंद्रे मिशो हे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ अर्ध्या शतकापूर्वी अमेरिकेच्या रानात फिरले होते. परतताना त्यांचं जहाज फुटलं, तरी संग्रहाचा बराचसा भाग वाचला. त्यातला हा नमुना. गोलसर, कडांना दाते असलेली काही पानं आणि एक फळ. फूल नाही. नाव नाही. चिठ्ठीवर एवढंच की कॅरोलिनाच्या उंच डोंगरांत सापडलं. ग्रे यांना अमेरिकेतली झाडं पाठ होती, पण हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. हाताशी असलेल्या तेवढ्याशा पुराव्यावरून ही एक नवीनच प्रजाती आहे, असं त्यांनी ठरवलं. १८४२मध्ये त्यांनी तिला नाव दिलं शॉर्टिया गॅलॅसिफोलिया. हे नाव केंटकीचे डॉ. चार्ल्स शॉर्ट यांच्यावरून. शॉर्टही वैद्यकाचे प्राध्यापक. त्यांच्याइतके नीटनेटके वाळवलेले नमुने अमेरिकेत कुणी पाठवत नसे आणि देताना ते हात आखडता घेत नसत.

फूल न पाहता, जिवंत झाड न पाहता, एका फाटक्या नमुन्यावरून प्रजाती जाहीर करणं हे धाडसाचं होतं. झाड सापडलं नाही तर चेष्टा ठरलेली. ग्रे १८४१मध्ये कॅरोलिनाच्या डोंगरांत गेले, १८४३मध्ये पुन्हा गेले. चिठ्ठीवर लिहिल्याप्रमाणे उंच कडे धुंडाळले. शॉर्टिया मिळाली नाही. ओळखीचा प्रत्येक वनस्पतिशास्त्रज्ञ तिकडे गेला की शोध घेऊ लागला. सहकारी ग्रे यांची थट्टा करू लागले. वर्षं जात राहिली.

दरम्यान बॉस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये ग्रे यांचं घर हे अमेरिकेतल्या वाळलेल्या झाडांचं जणू मध्यवर्ती टपाल कार्यालय झालं होतं. १८४०पासून आगबोटी लिव्हरपूल आणि बॉस्टनच्या दरम्यान नियमित जाऊ-येऊ लागल्या, त्याचा मोठा फायदा झाला. पूर्वी शिडाच्या जहाजाने कधी पोहोचेल याचा भरवसा नसलेलं पार्सल आता ठरावीक मुदतीत मिळू लागलं. पश्चिमेकडचा प्रचंड मुलूख तेव्हा वनस्पतिशास्त्राला जवळजवळ अज्ञात होता. सेंट लुईसला जॉर्ज एंगलमन हे जर्मनीतून आलेले डॉक्टर होते. दिवसभर रुग्ण आणि उरलेल्या वेळात निवडुंग, असा त्यांचा क्रम. ग्रे आणि एंगलमन यांनी मिळून एक व्यवस्था बसवली. धडधाकट, झाडांची नजर असलेला माणूस गाठायचा आणि त्याला टेक्सास किंवा न्यू मेक्सिकोत पाठवायचं. त्याने प्रत्येक झाडाचे अनेक नमुने वाळवून धाडायचे. ग्रे आणि एंगलमन नावं लावणार, नमुन्यांचे संच पाडणार आणि युरोप-अमेरिकेतले वर्गणीदार शेकड्याच्या भावाने ते विकत घेणार. पैसे संग्राहकाला.

लिंडहायमर टेक्सासमध्ये राहिला, फेंडलर सैन्याच्या तांड्याबरोबर सांता फेला गेला. चार्ल्स राइट याची तर कमाल. १८४९ साली टेक्सासमध्ये लष्करी सामानाच्या गाड्यांबरोबर जायची परवानगी त्याला मिळाली, पण गाडीत जागा मिळाली ती त्याच्या गाठोड्यांना. माणूस शेकडो मैल पायी चालला. दिवसा चालताना झाडं तोडायची, रात्री तळ पडला की कागद बदलायचे. खाणं धड नाही, पाणी नाही, आणि केंब्रिजहून पत्रं येत की अमुक झाडाची फळं का नाहीत, तमुक नमुना अपुरा का. राइट वैतागून उत्तरं लिही. या व्यवहारात न्याय पुरता होता, असं म्हणता येत नाही. उन्हातान्हात हिंडणाऱ्याला शेकड्यामागे थोडे पैसे मिळत. नाव देणाऱ्याचं नाव कायमचं राही. ग्रे यांनी आपल्या परीने परतफेड केली. लिंडहायमेरा, फेंडलेरा, कार्लोराइशिया अशी त्या तिघांची नावं वनस्पतींना मिळाली. पण राइटचे पाय त्यामुळे दुखायचे थांबले नसणार.

एप्रिल १८५५मध्ये इंग्लंडहून एक पत्र आलं. अमेरिकेतल्या उंच डोंगरांवरच्या वनस्पती आणखी कुठे कुठे सापडतात, अशी त्यात विचारणा होती. पत्र चार्ल्स डार्विन यांचं. दोघांची पूर्वी ओझरती भेट झाली होती एवढंच. डार्विन यांचा प्रश्न साधा वाटला तरी उत्तरासाठी हजारो नमुन्यांच्या चिठ्ठ्या चाळाव्या लागणार होत्या आणि तसं करू शकणारा माणूस अमेरिकेत एकच होता. ग्रे यांनी ते केलं. प्रश्न वाढत गेले, उत्तरंही. ५ सप्टेंबर १८५७च्या पत्रात डार्विन यांनी वीस वर्षं मनात बाळगलेला नैसर्गिक निवडीचा सिद्धांत ग्रे यांना थोडक्यात लिहून कळवला आणि वाच्यता न करण्याची विनंती केली. त्यांनी तो विश्वासाने ज्या मोजक्या लोकांना सांगितला होता, त्यांत आता समुद्रापलीकडचा हा माणूस आला. पुढच्याच वर्षी आल्फ्रेड वॉलेस यांचं तोच विचार मांडणारं टिपण डार्विन यांच्या हाती पडलं. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचं लेखन एकत्र वाचलं गेलं, तेव्हा डार्विन यांच्या बाजूने सादर झालेल्या कागदांत ग्रे यांना पाठवलेल्या पत्राचा भाग होता. तारखेसकट पुरावा.

ग्रे यांच्याकडे तेव्हा आणखी एक गठ्ठा येऊन पडला होता. जपान शतकानुशतकं परक्यांना बंद होता. अमेरिकन आरमाराने तो उघडायला लावला, त्याच सुमारास निघालेल्या एका सागरी मोहिमेत ग्रे यांनी त्याच चिवट चार्ल्स राइटला पाठवलं होतं. राइटने हाकोदाते, शिमोदा आणि आसपासची झाडं वाळवून धाडली. केंब्रिजच्या टेबलावर ती पसरली तेव्हा ग्रे यांना आधीपासून येत असलेला एक संशय पक्का झाला. जपानमधल्या अनेक वनस्पतींची सर्वांत जवळची भावंडं चीनच्या पलीकडे युरोपात नव्हती, आणि पॅसिफिक ओलांडल्यावर लागणाऱ्या कॅलिफोर्नियातही नव्हती. ती होती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे जवळजवळ अर्धी पृथ्वी ओलांडून. मॅग्नोलिया, जिनसेंग आणि असे कितीतरी. काही जोड्या इतक्या सारख्या की वेगळी जात म्हणावी की नाही याचा प्रश्न पडावा.

हे कसं झालं? हार्वर्डमध्येच लुई अगासी नावाचे अत्यंत लोकप्रिय प्राध्यापक होते. त्यांचं मत असं की प्रत्येक जात जिथे आढळते तिथेच, जशी आहे तशी निर्माण केली गेली. ग्रे यांनी १८५९च्या सुरुवातीला बॉस्टनच्या विद्वानांसमोर वेगळं उत्तर ठेवलं. एके काळी उत्तरेकडचं हवामान उबदार होतं आणि या वनस्पती आशिया-अमेरिकेला जोडणाऱ्या उत्तरेच्या पट्ट्यात सलग पसरलेल्या होत्या. मग हिमयुग आलं, बर्फाने त्यांना दक्षिणेकडे रेटलं. पूर्व आशियात आणि पूर्व अमेरिकेत त्या तगल्या, मधल्या प्रदेशात संपल्या. वेगळ्या पडलेल्या भावंडांत काळाच्या ओघात थोडाथोडा फरक पडत गेला. गंमत अशी की हिमयुगाची कल्पना जगाला पटवून देणाऱ्यांत अगासीच आघाडीवर होते. त्यांचंच बर्फ ग्रे यांनी त्यांच्या मताविरुद्ध वापरलं. वाद कित्येक बैठका चालला. अगासी वक्तृत्वात सरस होते, पण ग्रे यांच्यासमोर झाडं होती. तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या तरी मुख्य विचार आजही मान्य आहे.

अशी ताटातूट झालेली एक जोडी डॉक्टरांच्या विशेष परिचयाची आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलात मेॲपल नावाचं छत्रीसारख्या पानांचं रोप उगवतं. त्याचं भावंड हिमालयात आहे, तिकडे त्याला बनककडी म्हणतात. ग्रे यांच्या विद्यार्थिदशेच्या आसपास अमेरिकेत मेॲपलच्या मुळीचा जुलाब म्हणून वापर होत असे. तिच्यातली राळ पुढे चामखिळीवर लावली जाऊ लागली. विसाव्या शतकात या मुळीतल्या पोडोफायलोटॉक्सिन या द्रव्यापासून एटोपोसाइड हे औषध तयार झालं. फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगावर आणि वृषणाच्या कर्करोगावर ते आजही दिलं जातं. अमेरिकन भावंडात हे द्रव्य सापडलं म्हणजे हिमालयातल्या भावंडातही असणार, हा तर्क खरा ठरला. किंबहुना हिमालयातल्या मुळीत ते जास्त निघालं. त्यापायी ती इतकी खणली गेली की आता तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. कुठलं झाड कुणाचं भावंड, हा प्रश्न निव्वळ पंडिती वाटतो खरा. पण औषध शोधणाऱ्याला कुठे खणायचं ते याच उत्तरातून कळतं.

डार्विन यांचा ग्रंथ १८५९च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्याची अमेरिकन आवृत्ती निघावी आणि लेखकाला त्याचा मोबदला मिळावा, यासाठी ग्रे यांनी खटपट केली. मार्च १८६०मध्ये त्यांनी लिहिलेलं परीक्षण हा त्या ग्रंथाचा अमेरिकेतला पहिला भक्कम बचाव होता. ग्रे स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होते. नैसर्गिक निवड मान्य केली म्हणून देव नाकारावा लागतो, हे त्यांना पटत नसे. डार्विन यांना ती बाजू पटली नाही. दोघांनी याबद्दल वर्षानुवर्षं पत्रांतून वाद घातला आणि मैत्रीला ओरखडाही उठला नाही. १८७७ साली फुलांच्या विविध रूपांवरचं आपलं पुस्तक डार्विन यांनी ग्रे यांना अर्पण केलं.

त्याच वर्षी मे महिन्यात, कुणाला काही पत्ता नसताना, शॉर्टिया सापडली. नॉर्थ कॅरोलिनात मॅरियन गावाजवळ कटॉबा नदीच्या काठी जॉर्ज हायम्स या सतरा वर्षांच्या मुलाने ती उपटून आणली. त्याचे वडील औषधी वनस्पतींचा व्यापार करणाऱ्या एका पेढीत झाडपाल्याचा विभाग सांभाळत. त्यांनाही झाड ओळखता आलं नाही. जवळजवळ दीड वर्ष ते तसंच पडून राहिलं. मग त्यांनी ते ऱ्होड आयलंडच्या एका वनस्पतिप्रेमी गृहस्थांना पाठवलं, त्यांना संशय आला आणि त्यांनी ग्रे यांना कळवलं. १८७८मध्ये ग्रे यांच्या हातात अखेर तो नमुना आला. या वेळी फुलासकट. पॅरिसमधल्या त्या कागदानंतर एकोणचाळीस वर्षांनी. फुलाविना ठरवलेली प्रजाती बरोबर होती. मधल्या काळात तिचं एक भावंड जपानमध्येही निघालं होतं. इथेही तीच जोडी, पूर्व अमेरिका आणि जपान. ज्यांचं नाव तिला दिलं ते डॉ. शॉर्ट मात्र १८६३मध्येच वारले होते. त्यांनी शॉर्टिया कधी पाहिली नाही.

इतकी वर्षं ती का सापडली नाही, याचं कारण चिठ्ठीत होतं. शॉर्टिया उंच डोंगरांवर उगवत नाही. ती खालच्या ओढ्यांच्या आणि नदीच्या दमट, सावलीच्या काठांवर वाढते आणि फुलते वसंताच्या अगदी सुरुवातीला. ग्रे आणि इतर मंडळी उन्हाळ्यात उंच कड्यांवर शोधत होती. चिठ्ठीवरच्या एका शब्दाने चार दशकं फिरवलं. १८७९च्या वसंतात अडुसष्ट वर्षांचे ग्रे पत्नी जेन आणि काही मित्रांसह मॅरियनला गेले आणि त्यांनी शॉर्टिया जमिनीत उगवलेली पाहिली. मिशो यांना ती जिथे मिळाली होती ती मूळ जागा चार्ल्स सार्जेंट यांना १८८६ साली दक्षिणेला जोकासी भागात सापडली. विसाव्या शतकाच्या सत्तरीत तिथे धरण झालं आणि शॉर्टियाचा बराच मुलूख पाण्याखाली गेला.

स्वतःच्या संग्रहाचं काय करायचं, हा प्रश्न ग्रे यांनी वेळेत सोडवला होता. लाकडी घरात ठेवलेल्या लाखो कागदांना एक ठिणगी पुरते, याची धास्ती त्यांना असायची. १८६४मध्ये त्यांनी सुमारे दोन लाख नमुने आणि बावीसशे ग्रंथ हार्वर्डला देऊन टाकले. अट एकच, इमारत आगीपासून सुरक्षित असावी. ही भीती अनाठायी नव्हती. १९४३ साली बॉम्बहल्ल्यात बर्लिनचा मोठा वनस्पतिसंग्रह जळाला, तेव्हा तिथल्या अनेक नमुन्यांची जोडभावंडं पूर्वीच्या देवघेवीत इतर देशांत गेलेली होती, म्हणून तेवढी तरी माहिती उरली. ग्रे यांच्या नावाचा संग्रह हार्वर्डमध्ये आजही आहे. विद्यापीठाच्या सगळ्या वनस्पतिसंग्रहांत मिळून पन्नास लाखांहून अधिक नमुने आहेत.

नोव्हेंबर १८८५मध्ये पंचाहत्तराव्या वाढदिवसाला अमेरिकेतल्या १८० वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांना चांदीचा एक कलश दिला. त्यावर त्यांच्याशी जोडलेल्या वनस्पती कोरल्या होत्या. एका बाजूला त्यांच्या नावाची ग्रेया, दुसऱ्या बाजूला शॉर्टिया. १८८७ साली ते शेवटचे युरोपला जाऊन आले, तिथल्या विद्यापीठांनी त्यांना मानाच्या पदव्या दिल्या. परतल्यावर पुन्हा कामाला बसले. २८ नोव्हेंबरला पक्षाघाताचा झटका आला. त्या काळी करण्यासारखं कुणाच्याही हातात फारसं काही नव्हतं. ३० जानेवारी १८८८ रोजी ते गेले. उत्तर अमेरिकेच्या वनस्पतींचा ग्रंथ अपुराच राहिला.